दार उघडण्याआधी

बाबा खुर्चीतून उठले, टीव्हीपाशी गेले आणि पडद्यावर हाताच्या पंजाने दोन थापा मारल्या.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "टिल्ल्या, आधी विचार कोण आहे ते."

पडद्यावर एक तरुण माणूस टेबलापाशी उभा राहून संत्रं सोलत होता. दार वाजलं तसं अर्धवट सोललेलं संत्रं त्याने बशीत ठेवलं आणि सदऱ्याला हात पुसत तो निघाला. बाहेर कोण आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. बघणाऱ्यांना ठाऊक होतं, कारण जिन्यावरून हळूहळू चढून आलेले बूट त्यांना आधीच दाखवून झाले होते.

कपड्यांच्या घड्या घालता घालता ताईचा हात थांबला. तिने भावाकडे बघितलं. भाऊ म्हणजे हाच पडद्यावरचा तरुण, फक्त आता त्याचं टक्कल पडलं होतं आणि पोट सुटलं होतं. तो बाबांच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता आणि बाबा सकाळपासून त्याला साहेब म्हणत होते.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"टिल्लू म्हणाले."

कित्येक महिन्यांत त्याचं ते लहानपणचं नाव बाबांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्याने जुने फोटो दाखवून बघितले, लहानपणच्या खोड्या सांगून बघितल्या, एकदा तर वेड्यासारखा शाळेतली कविताही म्हणून दाखवली. बाबा सगळं सौजन्याने ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "चहा घेणार का साहेब?" आणि आता एका जुन्या चित्रपटातला, कुणाच्या लक्षातही न राहिलेला पोरगा त्यांनी लांबून ओळखला होता.

पडद्यावर दार उघडलं. पुढे जे व्हायचं ते झालं. बाबा ओरडले नाहीत. ते तिथेच टीव्हीसमोर जमिनीवर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"बाबा, मी इथे आहे. मला काही झालेलं नाही," त्यांच्या शेजारी उकिडवा बसून तो सांगत राहिला.

बाबांनी त्याचा हात झटकून टाकला. "तुम्ही नुसते बघत बसलात," ते म्हणाले. "शेजारी बसून नुसते बघत होतात."

चहा होईपर्यंत ते सगळं विसरले. ओल्या गालांना हात लावून त्यांनी ताईला विचारलं, डोळ्यांत काही गेलं होतं का म्हणून.

चित्रपटाच्या धंद्यात त्याला कैलास म्हणत. हे त्याचं नाव नव्हे. थरारपटात सगळ्यात पहिल्यांदा मरणारा माणूस म्हणून तो प्रसिद्ध होता, म्हणजे निदान सेटवर तरी. पडद्यावर नावं यायच्या आत त्याचा निकाल लागलेला असे. त्यावरून कुणा वात्रट मेकअपवाल्याने त्याला कैलासवासी म्हणायला सुरुवात केली; हाका मारायच्या घाईत शेपूट गळून पडलं आणि कैलास तेवढा उरला. नवी पोरं तर ते खरंच नाव समजून कैलासकाका म्हणत. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. नायकाची कामं मागत फिरलेले त्याच्या बरोबरीचे लोक कधीच घरी बसले होते. हा आपला नेमाने मरत होता आणि नेमाने घर चालवत होता.

त्याच्या चेहऱ्यात काहीतरी होतं. दार वाजलं की दार उघडावं, इतका साधा विश्वास त्या चेहऱ्यावर आपोआप यायचा. तो त्याला शिकावा लागला नव्हता. बाबांचं कुलपांचं दुकान होतं. कुलपं विकायची, दुरुस्त करायची, हरवलेल्या किल्ल्या करून द्यायच्या. संध्याकाळी दुकान बंद करून ते घरी आले आणि दार वाजलं, की टिल्लू हातातलं टाकून पळत सुटायचा आणि न विचारता दार सताड उघडायचा. बाबा रोज रागवायचे. अख्ख्या वस्तीच्या दारांना मी साखळ्या बसवतो आणि माझंच पोरगं असं, म्हणायचे. चोर असता तर? "चोर कशाला दार वाजवेल?" टिल्लू विचारायचा, आणि बाबांना हसू आवरायचं नाही.

पुढच्या रविवारी त्याने तो चित्रपट पुन्हा लावला. ताईला ते आवडलं नाही, पण तिने अडवलं नाही. संत्रं आलं तसा बाबांचा चेहरा उजळला. "अरे, टिल्लू," असं ते अगदी सहज म्हणाले. एवढ्यासाठीच त्याने आठवडा कसाबसा ढकलला होता. जिन्यावर बूट दिसले, पडद्यावरचा टिल्लू दाराकडे निघाला आणि बाबा उठायला लागले, तेव्हा ताईनेच पुढे होऊन टीव्ही बंद केला.

तो उपाय आगीतून फुफाट्यात नेणारा ठरला. मेलेल्या टिल्लूला बाबा चहा होईपर्यंत विसरले होते. पण दाराकडे निघालेला टिल्लू त्यांच्या डोक्यातून जाईना. थोड्या वेळाने टिल्लूही गेला, चित्रपटही गेला. भीती तेवढी उरली. कशाची ते त्यांना सांगता येईना. ते या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत राहिले, खिडक्यांच्या कड्या हलवून बघत राहिले. जेवायला बसले ते अर्ध्यावर उठले.

"पुन्हा लावायचा नाही," बाबा झोपल्यावर ताई म्हणाली.

"अगं, पण ते ओळखतात मला."

"तुला ओळखतात, आणि मग तुला मारलेलं बघतात. तू हे त्यांच्यासाठी लावतोयस की तुझ्यासाठी?"

तो हातातला रिमोट उलटासुलटा करत बसला.

त्याच आठवड्यात त्याला पुन्हा मरायचं होतं. दिग्दर्शिका नवी होती, वयाने त्याच्या मुलीएवढी, आणि सुरुवातीच्या प्रसंगावर तिचा फार जीव. सेटवरच्या खोलीत तिने स्वतः फिरून एकेक वस्तू हलवली. भिंतीवरचा फोटो तिरका ठेवलेला तिला चालला नाही, तिने तो सरळ केला.

"भीतीदायक काही नको," ती सहायकाला म्हणत होती. "सगळं रोजचं पाहिजे. फक्त एक गोष्ट अर्धवट सोडलेली." मग त्याच्याकडे वळून, "तुम्ही शर्टाला इस्त्री करताय. एक बाही झाली, दुसरी राहिली. दार वाजतं."

"लोकांना कळेल ते?" त्याने विचारलं. इतकी वर्षं मरून त्याने हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"डोक्याला नाही कळणार. पोटाला कळेल." ती इस्त्रीच्या टेबलाला टेकली. "गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही हो. घरी पोचेपर्यंत अर्धी विसरतात. खुनी कोण ते विचारा महिन्याभराने, डोकं खाजवतील. पण सुरुवातीला पोटात जो गोळा येतो ना, तो राहतो. माझा सगळा चित्रपट त्या गोळ्यावर उभा आहे."

त्याने मान हलवली. घरी खिडक्यांच्या कड्या हलवणारे बाबा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

प्रसंग पहिल्याच टेकला चांगला झाला. तिने खबरदारी म्हणून आणखी एक घेतला. दिवे बंद करायला माणसं पुढे झाली, तेव्हा तो घसा खाकरून म्हणाला, "एक माझ्यासाठी घ्याल?"

"कसा?"

"म्हणजे, मी दार उघडत नाही. असा."

कुणीतरी हसलं. कैलासवासी जगायचं म्हणतायत, असं मागून कुणी कुजबुजलं. दिग्दर्शिका हसली नाही. त्याने बाबांविषयी दोनचार वाक्यांत सांगितलं. सांगताना तो खालीच बघत होता. तिने सगळ्यांना जागेवर जायला सांगितलं.

दार वाजलं. त्याने इस्त्री उभी ठेवली. दारापाशी गेला, दारातल्या भिंगातून बाहेर बघितलं, "कोण आहे?" विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा साखळी घातली. मग परत येऊन त्याने दुसऱ्या बाहीला इस्त्री केली, शर्टाची घडी घातली आणि खुर्चीत टेकून बसला. खोलीत कुणी हललं नाही. कट म्हणायला दिग्दर्शिकेला उशीर झाला.

"हे बघायला कुणी तिकीट काढणार नाही," ती त्याला म्हणाली. "पण छान बसलात."

तो तुकडा मोबाइलवर घेऊन तो घरी गेला तो पोरासारखा उतावीळ होऊन. ताई कामावरून यायची होती. दुपारची मदतनीस बाई गेल्यावर त्याने बाबांना खुर्चीत नीट बसवलं आणि तुकडा टीव्हीवर लावला. आता बाबा त्याला ओळखतील, आणि रडणार नाहीत, आणि घाबरणारही नाहीत. एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याने पहिल्यांदाच कुणाकडे तरी मागून मिळवलं होतं.

बाबांनी शेवटपर्यंत बघितलं. मग जांभई दिली.

"कोण हे गृहस्थ?" त्यांनी विचारलं.

"ओळखलं नाहीत? परत लावू?"

"नको. हुशार आहेत. आधी विचारलं, मग साखळी घातली. असंच करावं." बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि जरा जवळ सरकून, घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "आमच्या टिल्लूला हे जन्मात जमायचं नाही, साहेब. दार वाजलं की सुटलाच."

त्याला हसायचं होतं. चेहरा भलतीकडेच गेला. तो उठला, नेलकटर घेऊन आला आणि बाबांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन त्यांची नखं कापायला लागला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. बाबांनी निमूटपणे हात दिला होता.

"त्याचं लावा ना," मध्येच बाबा म्हणाले. "टिल्लूचं."

"नको, बाबा. तुम्हाला त्रास होतो."

"मला कसला त्रास? कित्येक दिवसांत दिसला नाही."

उजवा हात झाला. त्याने रिमोट उचलला. लावू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ताईला काय सांगायचं हेही त्याने ठरवलं नव्हतं. संत्रं आलं. बाबांनी पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बघा, बघा, हा आमचा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की शेजारी बसलेल्या माणसाला त्या पोराचा हेवा वाटला.

जिन्यावर बूट चढायला लागले. तेवढ्यात मोबाइल वाजला. ताई खाली उभी होती. पिशव्या जड आहेत, जरा खाली ये, म्हणाली. तोवर पडद्यावर दार वाजलं होतं; त्याने चित्रपट आहे तिथे थांबवला. पडद्यावरचा तरुण दाराकडे एक पाऊल टाकून, सदऱ्यावर हात तसाच ठेवून उभा राहिला.

"आलोच," तो बाबांना म्हणाला. डाव्या हाताची नखं राहिली होती.

खाली जाऊन पिशव्या घेऊन वर यायला कितीसा वेळ लागतो? ताई पुढे होती. तिने किल्ली फिरवली, दार ढकललं आणि ते बोटभर उघडून अडकलं. आतून साखळी लावलेली होती. ती साखळी बाबांनीच कधीकाळी बसवली होती. अलीकडे त्यांना सदऱ्याची बटणंही लावता येत नव्हती, म्हणून साखळी काढून टाकायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. हात तेवढं विसरले नव्हते.

त्याने ताईला बाजूला केलं आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून बाबांनी विचारलं. आवाज खणखणीत होता, दुकानातला.

"बाबा, मी."

"मी कोण?"

साहेब आलेत म्हटलं असतं, तर दार उघडलं असतं कदाचित.

"टिल्लू," तो म्हणाला.

फटीतून टीव्हीच्या उजेडात बाबांची पाठ दिसत होती. त्यांनी दाराकडे पाठ फिरवली होती आणि ते खोलीच्या आत बघून, हळू आवाजात बोलत होते.

"ऐकलंस? तुझंच नाव सांगतोय," ते म्हणाले. "उघडू नकोस हं."

त्याने पुन्हा वाजवायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. फटीतून पडद्यावरचा तरुणही दिसत होता, आहे तिथेच उभा. पुढे येत नव्हता.

बाबांनी पडद्याकडे निरखून बघितलं.

"शाब्बास," ते म्हणाले.

मग खुर्चीत बसल्याचा आवाज आला, आणि एक लांब, सुटकेचा श्वास. ताईने भावाच्या कोपराला हात लावला. आता काय, असं तिने नुसत्या भुवयांनी विचारलं.

त्याने दार अलगद ओढून घेतलं, फट दिसेनाशी होईपर्यंत. पिशव्या भिंतीशी ठेवल्या आणि पायरीवर बसून तिच्यासाठी शेजारी जागा केली.