अठरावं प्रकरण

"रडूबाई? आमची सुभद्रा रडूबाई?" कमलिनीबाई खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. "ऋचा, पुस्तक वाचलंस की नुसतं हुंगलंस?"

"पूरा वाचलं काकू, कसम से!" ऋचाही हटेना. "सासरा इतकं बोलतो आणि ही गप्प. शेवटी सीधी नदीकाठी जाऊन बसते. ये क्या बात हुई?"

रेल्वेच्या बुकिंग खिडकीत पस्तीस वर्षं काढलेल्या कमलिनीबाई हिंदी मुलखातल्या आपल्या शहरात, लक्ष्मी गेटजवळच्या मराठी मंडळात दर वर्धापनदिनी या जुन्या कादंबरीचं अठरावं प्रकरण वाचून दाखवत. तरुण मंडळी उगवायची ती पंगतीच्या वेळी. यंदा मात्र त्यांनी मंडळाची एकुलती एक प्रत आळीपाळीने वाचली आणि एकमुखाने सांगितलं, हे वाचन बंद करा. म्हणून अध्यक्ष नारायणराव आज मतं घेणार होते.

बाईंचा जीव कासावीस झाला होता, पण खरं सांगायचं तर अंगात उत्साहही संचारला होता. या पुस्तकावरून आजवर कोणी भांडलंच नव्हतं. सगळे छान, छान म्हणत आणि श्रीखंडाकडे वळत.

"गप्प म्हणे! भर पंगतीत सासऱ्याला सुनावते, ते काय?"

"कधी?" ऋचाने पुस्तक उघडून पुढे धरलं. सतराव्या प्रकरणानंतर थेट एकोणिसावं. "मला वाटलं, पहले ऐसे ही छापते होंगे."

कमलिनीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स उघडून जीर्ण पानांची घडी काढली. शिवण उसवून सुटी झालेली पानं त्यांनी सरावासाठी घरी नेली होती, आणि दरवर्षी तीच वाचत होत्या. परत ठेवायचं कधी सुचलंच नाही.

"चूक माझी, नारायणराव. पोरांना अर्धं ताट वाढलं आणि वर चव विचारतेय."

ऋचाने पानं घेतली आणि तिथेच मोठ्याने वाचू लागली. जोडाक्षरांना अडखळत होती, पण सुभद्रा बोलू लागली तसा तिचा आवाज चढला. बाई हा भाग नेहमी गहिवरून वाचत. ही पोरगी रागाने वाचत होती, आणि तो भाग मुळात रागाचाच होता. वाचून होताच बाईंनी पुढे वाकून विचारलं,

"आता आवडलं?"

"नाही! इतकं बोलली, मग नदीकाठी कशाला? घर सोडायचं ना!"

"त्या काळात जाईल कुठे?"

"कहीं भी, काकू!"

अर्धा तास दोघी हमरीतुमरीवर. शेवटी नारायणराव कंटाळून म्हणाले, "वाचन ठेवायचं की बंद?"

"ठेवा," कमलिनीबाई म्हणाल्या, "पण वाचेल ही."

"मैं? मला नीट येत नाही."

"येतं. आत्ताच ऐकलं मी."

वर्धापनदिनी कमलिनीबाई पहिल्यांदाच सतरंजीवर, पुढच्या रांगेत बसल्या. ऋचाने आधी पुस्तकाशी असलेलं आपलं भांडण सांगितलं, मग वाचायला घेतलं. मध्येच एका शब्दापाशी ती अडली. बाईंना तो तोंडपाठ होता, अगदी ओठांवर आला होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ऋचाला तो सापडेपर्यंत वाट पाहिली.