अर्धा तास मागे

तेर्नीचा चढ संपता संपता चाक खड्ड्यात गेलं, गाडीला हिसका बसला आणि सगळंच गेलं. इंजिन, दिवे, रेडिओ, घड्याळाचे हिरवे आकडे. वहीबानं गाडी कशीबशी कडेला आणली. किल्ली फिरवून पाहिली. साधी टकसुद्धा झाली नाही.

मागच्या सीटवर नऊ महिन्यांचा अनीस तापानं लालेलाल झाला होता. त्लेमसेनच्या डॉक्टरनं पाजलेलं औषध त्यानं वाटेत ओकून टाकलं, म्हणून वास जायला तिनं त्याच्या बाजूची काच खाली केली होती. आता बटण दाबून ती हलेना. पठारावरचा मार्चमधला वारा सरळ पोराच्या तोंडावर. तिनं अंगातला कोट काढून खिडकीत कोंबला. वाऱ्यानं तो दोनदा आत ढकलून दिला.

रोजा सुटायची वेळ जवळ आली की घराकडच्या, सेब्दूच्या रस्त्यावर काळं कुत्रं दिसत नाही. जो तो आपापल्या हरीऱ्याच्या, रोजा सोडायच्या गरम सुपाच्या, वाडग्याकडे पळालेला. एकच गाडी गेली, तीसुद्धा तिनं हात वर करेपर्यंत वळणापलीकडे.

दिराला, हवारीला, बोलवावं तर तो यायला पाऊण तास, आणि आल्यावर जन्मभर ऐकवणार. नवरा कादा दूर आग्नेयेला, हासी मेसऊदच्या तेलविहिरींवर. चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी. जाताना दर वेळी तो बॅटरीची काळी वायर काढून ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि बजावायचा, "कुठं जायचं असलं तर हवारीला सांग." आज दुपारी अनीसचं अंग भाजायला लागलं तेव्हा तिनं कुणाला काही न सांगता बॉनेट उघडलं आणि ती वायर हातानंच दाबून बसवली. इतिहासात पदवी घेतलेली बाई. पाना कुठं ठेवलेला असतो ते माहीत नाही.

म्हणजे हे तिचंच कर्तृत्व होतं. अनीस कण्हला तसा तिनं कादाला फोन लावला.

"झाली का तुमची अजान?" त्यानं रोजच्यासारखं विचारलं. मागे चमच्यांचा किणकिणाट, कुणाचं तरी हसणं. त्याचा सूर्य तिच्याआधी अर्धा तास बुडतो. तो शोरबा संपवत असतो तेव्हा ती अजून कोरडीच असते.

"नाही अजून. कादा, चिडू नकोस. मी तेर्नीला आहे. गाडी बंद पडलीय."

"हवारी काय करतोय?"

"तो नाहीये. मी त्याला सांगितलंच नाही."

चमचे मागे पडले. तो उठून बाहेर आला असावा.

"वायर तू लावलीस?"

"हो."

"आवळलीस?"

"दाबली."

"दाबली! अगं बाई, ते काय डब्याचं झाकण आहे?" मग आवाज खाली आला. "अनीस कसाय?"

"तापलाय. काच उघडी राहिलीय त्याच्या बाजूची."

"बॉनेट उघड. काळी वायर हलते का बघ."

तिनं नुसता हात लावला. "कादा, हातातच आली."

"वा! पान्यांची पेटी घरी, ती काही उडत येणार नाही. केसांना तो पत्र्याचा चाप असतो ना तुझ्या? मोड. वायरीचं कडं बॅटरीच्या खांबावर बसव, मधे चापाची पाचर घाल आणि दगडानं ठोक. लाल वायरीला काही लागू देऊ नकोस."

तिनं ठोकलं. एकदा दगड बोटावर बसला. तिसऱ्या घावाला गाडीच्या आत रेडिओ एकदम ओरडायला लागला: राजधानी अल्जियर्स आणि परिसरासाठी मगरिबची अजान.

"ऐकलं मी! खजूर खा आता," कादा म्हणाला.

"ही राजधानीची. आपली नाही झाली."

"देव काय घड्याळ घेऊन बसलाय?"

"बसला असला तर?"

तो हसला. किती दिवसांनी. "बरं. तुझी होईपर्यंत मी फोनवर थांबतो."

तिनं आधी काच वर केली, मग इंजिन सुरू केलं. कोट अनीसच्या अंगावर घातला आणि फोन मांडीवर ठेवून गाडी हळूहळू पुढे काढली. एक गोष्ट सांगायची होती: चार आठवडे फार होतात. ती रस्त्याकडे बघत शब्द जुळवत होती.

"कादा—"

पलीकडे कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं.

"जेवणाची सुट्टी संपली गं. जातो. घरी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नकोस, कळलं?"

"कळलं."

पुढच्या गावात खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या, दारं लावलेली. हरीऱ्याचा वास बंद काचेतूनही आत आला. मशिदीच्या मिनारावरचा दिवा लागला आणि अजान सुरू झाली. आपली.

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं. समोरच्या कप्प्यातला खजूर काढून तोंडात टाकला. तोंड इतकं सुकलेलं की तो फिरेना. आरशात अनीस झोपलेला दिसला, कपाळावर घामानं केस चिकटले होते. तिनं मागे हात नेऊन बघितलं. कपाळ मघापेक्षा गार लागलं.

मांडीवरचा फोन काळा पडला होता.

"झाली," ती म्हणाली.

थोडा वेळ ती तशीच बसली, जणू फोनच्या पलीकडे अजून कुणी चमचा खाली ठेवील. मग बी रुमालात गुंडाळली आणि एकेक खड्डा चुकवत सेब्दूकडे निघाली.