न उचललेला बावटा

मी एक जुना लाल बावटा आहे. मित्रांनो, माझा रंग विटला, काठाची शिवण उसवली. स्मृती मात्र शाबूत आहे.

शिंप्याने मला जाड कापडातून बेतले आणि लोहमार्गावरील एका राखणदाराच्या हाती मी आलो. कामगार रूळ दुरुस्त करीत. गाडी दिसताच धन्याने मला उंच धरावे व त्यांनी बाजूला व्हावे, एवढेच माझे जीवितकार्य. सात वर्षे मी कोणाच्या नखालाही धक्का लागू दिला नाही. धन्याचा मित्र, हातोडीवाला, मला थोपटून म्हणे, "हा आहे म्हणून आमच्या घरी चूल पेटते!"

निवृत्त झाल्यावर धनी आठवणी लिहू लागला. वही तो माझ्यात गुंडाळून ठेवी. त्याची थोरली बहीण जन्मभर भाषा शिकवीत आलेली, ती सांगे, "आठवणी म्हणजे रोजनिशी नव्हे रे. काय घ्यायचं, काय गाळायचं, ते ठरव. प्रसंग उभा कर, माणसांना बोलू दे."

मग हातोडीवाल्याच्या मृत्यूचे पान आले: "दाट धुक्याने जबडा उघडला आणि माझ्या मित्राला गिळले."

ताईने चष्मा काढला. "धुक्याला जबडा दिलास, झकास. पण या पानात तू कुठे आहेस?"

"तिथंच होतो की."

"आणि बावटा?"

धन्याने मला वहीवरून सोडवले आणि खरे काय ते सांगितले.

मित्रांनो, त्या सकाळी धुके विरळ होते. गाडी आली तेव्हा हातोडीवाला रुळावर होता; धनी चौकीत शेगडीपुढे हात शेकत होता, मी त्याच्या काखेत गुंडाळलेला. चौकशीत तो म्हणाला, "मी बावटा दाखवला, त्यानं पाहिलं नाही." दोष मृताच्या माथी गेला.

सारे ऐकून ताई एवढेच म्हणाली, "अलंकार शोभेला असतात रे. त्यांनी प्रेत झाकू नये."

धन्याने ते पान फाडले आणि लिहिले: 'मी शेकत होतो. बावटा गुंडाळलेला होता.' मग दोघे हातोडीवाल्याच्या पत्नीकडे गेले. धन्याला वाचवेना, ताईनेच वाचले.

म्हातारी बराच वेळ माझा उसवलेला काठ चाचपत बसली. "तीस वर्षं मी त्यांनाच बोल लावला," ती म्हणाली. "पोरांना सांगत आले, बापासारखे बेफिकीर होऊ नका." वही तिने ठेवून घेतली, मला परत केले. "हा न्या. याचं काम तेव्हा होतं."

मित्रांनो, आठवणी अवश्य लिहा, सजवाही. पण जो बावटा तुमच्या हातून उचलायचा राहिला, तो आधी लिहा. ऐकणारे कोणी उरले आहे तोवर लिहा. मी आता खुंटीवर असतो, त्या सकाळी होतो तसाच, गुंडाळलेला.