बांधापलीकडची विहीर

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो. पण मला ना गज, ना झडपा. मी संगणकाच्या पडद्यावर उघडते. वय तीन वर्षं, म्हणजे आमच्यात जुनीच. माझ्यामागे नकाशे काढणारे तात्या बसतात. तात्या म्हणजे माझ्याहून कितीतरी म्हातारा प्रोग्रॅम. त्यांना बटणं ठाऊक नाहीत. काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करावे लागतात, आणि एक खूण चुकली की तात्या अडून बसतात.

शेळगावच्या दिशानं मला घडवलं. ती बारामतीच्या कॉलेजात भूगोल शिकलेली. तिची अंजली पहिलीत जाऊ लागली आणि दिशाला काळजी लागली. ऊस डोक्यावर गेला की वाटेकडेच्या विहिरी दिसत नाहीत. बाकीच्या आयांनाही त्या नोंदवता याव्यात, म्हणून तिनं मला मराठी बटणं लावली. काळा पडदा बघून बाया बिचकत. तो तिनं माझ्याआड झाकून टाकला. तात्या मागे काहीतरी पुटपुटत. काय बरं म्हणत असतील, असं मला सारखं वाटे.

माझं कौतुक झालं. सतरा विहिरी, सतरा लाल ठिपके. शिवेवरची ओढ्याची वाट तेवढी मोकळी दिसली. सोमवारपासून मुलांनी तिकडून शाळेत जायचं ठरलं.

रविवारी दिशाच्या सासूबाई, चतुराबाई, चष्मा लावून माझ्यासमोर बसल्या. बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"वड्याकडची हीर कुठं हाय गं?"

"तिथं नाहीये, आत्या. होत्या तेवढ्या सगळ्या आल्यात."

"तुझा नकाशा कधी धुणं धुवाया गेलाय का? मी गेलीया. कठडाबी न्हाय तिला."

दिशाचा चेहरा उतरला. तिनं मला बाजूला सारून काळा पडदा उघडला. तात्यांनी दर वेळी लिहिलं होतं : एक ठिपका नकाशाच्या चौकटीबाहेर, म्हणून वगळला. कुणा आईनं ती विहीर नोंदवली होती. पण दिशानं चौकट गावच्या शिवेवर थांबवली होती, आणि विहीर बांधाच्या पलीकडे, शेजारच्या गावात. तात्या सांगत होते. मीच आड उभी होते.

चौकट वाढली. अठरावा ठिपका वाटेला चिकटून उमटला. त्याच संध्याकाळी दिशानं घरोघर फिरून वाट बदलली. माझ्या तळाशी आता एक पट्टी आहे. तात्या काय म्हणतात ते तिथं मराठीत दिसतं.

मित्रांनो, माझी बटणं खुशाल दाबा. पण मी काय दाखवते एवढंच बघू नका, काय झाकते तेही विचारा. आणि जिनं तिथं धुणं धुतलंय, तिला आधी माझ्यासमोर बसवा.