चाकाखालचा दगड

आमच्या सराईत खोल्या किती, असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "माणसं किती आहेत त्यावर." लोकांना थट्टा वाटायची. पण ती सरळ उत्तर देत होती. दमलेला वाटसरू दारात उभा राहिला की वरच्या मजल्यावर भिंत सरकायची, आणि चादर घेऊन वर जावं तर खोली तयार. एकदा बाळंतीण आली, तर खोलीत पाळणासुद्धा होता. मी तिथंच वाढले, मला कसलं नवल? राग मात्र यायचा, कारण खोल्या कितीही वाढोत, झाडायला मी एकटीच.

मी आत्याची भाची. जीभ तिखट, म्हणून सगळे मला लवंगी म्हणतात. आत्या सराईवाली, तिच्या आधी तिची सासू, आणि अगदी पहिली म्हणजे एका गाडीवानाची विधवा. तिच्या चार चाकांच्या गाडीचं चाक इथं मोडलं. तिनं दुसऱ्या चाकाखाली दगड लावला, चूल मांडली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढता वाढता सराई उभी राहिली, असं सांगतात. तो दगड अजून उंबऱ्याशी होता. त्याला पाय लावायचा नाही, आणि हलवायचा तर मुळीच नाही. सराईवालीनं उंबरा ओलांडला तर सराई कोसळते, हेही होतंच. सासूनं चाव्या हाती दिल्या त्या दिवसापासून आत्या बाहेर पडली नव्हती. दर आठवड्याला ती घराच्या चारही कोपऱ्यांत, जमिनीतल्या भोकांतून तेल सोडायची. कशाला, तर साप येऊ नयेत म्हणून. साप काय, मुंगीसुद्धा तेलाला भीत नाही, असं मी दर वेळी ऐकवायचे. मोठ्यांनी सांगितलंय म्हणजे काहीतरी असेल, एवढंच ती म्हणायची.

मग रस्ताच गेला. डोंगरापलीकडून नवा, रुंद रस्ता झाला आणि आमच्या दारात गवत माजलं. माणूस येईना तशा खोल्या मिटू लागल्या. आधी वरचा मजला गेला, मग जेवणघर. जिना नुसता छताला जाऊन टेकला. आणि दर खोलीबरोबर आत्याही खचत गेली. शेवटी स्वयंपाकघर आणि त्यातली तिची खाट एवढंच उरलं. एका सकाळी पाहते तर भिंत चुलीपर्यंत आलेली, आणि आत्याला उठता येईना.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. म्हटलं, पाठीवर घेते, पलीकडे वैद्य आहे, चल. ती नाहीच म्हणाली. माझ्यापायी सराई पडली तर वर जाऊन सासूला काय तोंड दाखवू, म्हणाली. वर मलाच काम लावलं, आज तेलाचा वार आहे, तेवढं घाल.

इथं जीव जायची वेळ आणि हिला तेलाचं पडलंय! पळी आपटत मी कोपऱ्यात गेले. खोली इतकी आखडली होती की जमिनीची एक फळी उचकटून वर आली होती. मी खाली डोकावले. खाली चाक होतं.

अख्खं चाक, आरे शाबूत, मधोमध पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल. मोडलेलं चाक कुणीतरी कधीच दुरुस्त केलं होतं. निघायचं तेवढं राहून गेलं होतं. तेल कशासाठी ते पुढच्या बायका विसरल्या, पण तेल कुणी चुकवलं नाही. सापांचं कारण मागाहून चिकटलं असावं.

मी आत्याला चाकाचं सांगितलं. म्हटलं, "तू उंबरा ओलांडू नकोस. मी दगड काढते."

"पडेल गं सगळं."

"नाहीतरी पडतंयच की."

तिनं चुलीपर्यंत आलेल्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझी खाट खिडकीशी ओढ."

मी बाहेर जाऊन दगडाला हात घातला. दगड निघाला. काहीच झालं नाही. मूर्ख आहेस, असं मी स्वतःला म्हणते आहे तोवर आत मांडणीवरची भांडी वाजली, आणि माझ्या डोळ्यांदेखत सराई गवतातून उठली. पुढे बैल नाही, घोडा नाही. भिंती, चूल, धुराडं, सगळं घेऊन ती सावकाश वळली आणि डोंगराच्या चढाला लागली. मी दगड छातीशी धरून शेजारून चालले होते. आयुष्यभर जिला झाडलं, जिच्या नावानं कटकट केली, तिच्यापुढे मला हात जोडावेसे वाटले, पण हातात दगड होता.

माथ्यावर ती थांबली. पलीकडे शेतं होती, नदी होती आणि तो रुंद रस्ता. आत्यानं या डोंगराची एकच बाजू पाहिली होती. "अगं," ती खिडकीतून म्हणाली, "केवढं आहे हे."

खाली रस्त्याच्या कडेला एक बाई बोचकं टेकवून पोटऱ्या चोळत बसली होती. सराई तिच्याजवळ येऊन उभी राहिली. घर चालत आलं म्हणून ती दचकलीसुद्धा नाही, इतकी दमली होती. जागा आहे का, एवढंच तिनं विचारलं. वर भिंत सरकल्याचा आवाज आला. मी खिडकीतून आत पाहिलं. आत्या खाटेवर उठून बसली होती.

"आहे जागा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लाव दगड. पण जी लावेल ती सराईवाली. नीट विचार कर."

विचार कसला करायचा, पाहुणी ताटकळत होती. मी चाकाखाली दगड लावला, आत गेले आणि आत्याच्या कमरेच्या चाव्या माझ्या कमरेला खोचल्या. तिचा हात धरून तिला उंबऱ्यापर्यंत आणलं. ती तिथं थांबली, सवयीनं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं एक पाऊल बाहेर टाकलं. सराई हललीही नाही.

"चूल पेटव," आत्या म्हणाली. "मी जरा नदी बघून येते."