मधला पांढरा पट्टा

कच्चा टाका म्हणजे दोन कापडांची तात्पुरती सोयरीक. लांब लांब टाके, एकेरी दोरा, शेवटी गाठ नाही. काम झालं की टोक धरून ओढायचं, सुळकन सगळं मोकळं. शिवणकामात याला कुणी मान देत नाही. पण माझ्या नवऱ्याचं अंबरनाथमध्ये एके काळी जे काही नाव झालं, ते या टाक्यामुळेच. म्हणजे खरं तर तो न घातल्यामुळे.

नवरा म्हणजे सदाशिव. जांभूळ गावात सदू, कंपनीत सदूभाऊ, माझ्या तोंडी नुसते ‘अहो’. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र रुसून बसला. बोटं मिटेनात. पूर्वी हे कोपऱ्यावर चहाला गेले की गप्पांत असे रमायचे, की जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. आता बुवापाड्यातल्या आमच्या खोलीतून दवाखान्यापलीकडे जायचं नाव नाही, आणि दारात कुणी आलं की उजवा हात आधी चादरीखाली.

डिसेंबरात हेमचंद्र साहेबांचा फोन आला.

“वहिनी, माझी नात इरा आपलं नाटक करतेय. सगळं नाही, शेवटचा प्रवेश. एक जानेवारीला, इथे बदलापुरात. पोरं नवीन आहेत, पण पट्टा फाडायला सदूच पाहिजे. आणि शिवायला तुम्ही.”

“विचारून सांगते,” मी म्हटलं.

हेमचंद्र साहेब यांच्या कंपनीत ऑफिसर. युनियन त्यांना मॅनेजमेंटचा माणूस समजायची आणि मॅनेजमेंट युनियनचा, म्हणून बिचारे नाटकात रमले. एक्क्याण्णव साली कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं, ‘बेटावरचा शंख’. पहिल्या वाचनाला कंपनीच्या शेडमध्ये सगळे जमले, तेव्हा कामगार नाट्यमंडळातल्या भीमरावांनी विचारलं होतं, “साहेब, आपण शिवाजी महाराज का नाही करत? तलवारी मंडळाच्या आहेत.”

“तलवारी इथेही लागतील,” साहेब म्हणाले आणि हैती देशाची गोष्ट सांगायला लागले. फ्रेंचांनी आफ्रिकेतून माणसं पकडून नेली आणि त्या बेटावरच्या मळ्यांत त्यांना राबवून ऊस, कॉफी, नीळ पिकवली. सतराशे एक्क्याण्णवात त्या गुलामांनी मळे पेटवले. शंख फुंकून ते एकमेकांना इशारे द्यायचे म्हणे. बारा-तेरा वर्षं लढले, जगातल्या मोठ्या फौजेला पुरून उरले, आणि एक जानेवारी अठराशे चारला स्वतःचा देश केला.

मी तेव्हा नवी नवरी. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात शिवायला जायचे. संध्याकाळी बोटं निळी असायची. त्या काळी वालधुनी नदीचं पाणीसुद्धा कधी कधी त्याच रंगाचं वाहायचं. मी यांचा डबा द्यायला शेडमध्ये गेले होते, तर साहेबांनी माझ्या हाताकडे बोट केलं. “हा बघा, हाच रंग. याच्यासाठी माणसं चाबकाखाली मेली.” सगळे बघायला लागले. मी हात पदराखाली घेतला. आता यांचा हात चादरीखाली जातो तेव्हा मला तो पदर आठवतो.

नाटकातला शेवटचा प्रवेश झेंड्याचा. फ्रेंचांचा झेंडा निळा, पांढरा, लाल. मधला पांढरा पट्टा गोऱ्या मालकांचा, असं म्हणून गुलामांच्या सेनापतीने तो फाडून काढला आणि उरलेला निळा नि लाल कॅथरिन नावाच्या बाईने जोडून शिवला, असं तिकडे सांगतात. सेनापती आमचे हे. कॅथरिनसाठी बाहेरून नटी आणायची मंडळाची ऐपत नव्हती. “संवाद एकही नाही, फक्त बसून शिवायचंय,” असं म्हणून मलाच बसवलं.

निळं कापड कारखान्यातल्या कटपीसचं. पांढरं सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं. लाल आणायला उल्हासनगरच्या गजानन मार्केटात कापडवाल्या राजूशेठकडे गेले.

“झंडा बना रही है? कौन सी पार्टी?”

“पार्टी नाही, शेठ. हैती.”

“वडी, वो कौन से कॅम्प में आता है?”

“पाच नंबरच्या पुढे,” मी म्हटलं. मग कापड मोजून होईपर्यंत त्यांना सगळी गोष्ट सांगितली. राजूशेठच्या वडिलांना फाळणीत सिंधमधलं घर सोडून इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात यावं लागलं होतं. कापड घडी करता करता शेठ म्हणाले, “तो उनको अपना मुलुक मिल गया? अच्छा है. किसी को तो मिला.”

पट्टा दर तालमीला फाडायचा, म्हणून मी तो दर वेळी कच्च्या टाक्याने जोडून ठेवायचे. हे ओढायचे, सुळकन निघायचा, सगळे “वा सदूभाऊ” म्हणायचे. कल्याणला स्पर्धेतल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मात्र तो झेंडा सासूबाईंच्या हाती लागला. गोजरबाई. जांभूळ गावात निम्म्या बायकांच्या चोळ्या त्यांच्या हातच्या. आपली शिवण उसवली असं कुणी म्हटलेलं त्यांच्या कानाला माहीत नव्हतं. मी कामावरून आले तोवर झेंडा नीट घडी घालून पिशवीत ठेवलेला. मी उघडून पाहिला नाही.

प्रयोगात यांनी पांढरा पट्टा धरला नि ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मी समोर सुई घेऊन मान खाली घातलेली. हळूच वर पाहिलं, तर पट्ट्याला सासूबाईंचा हात लागलेला. दुहेरी, बारीक, आखल्यासारखी सरळ शिवण. ‘हा रंग आमच्यात नको!’ हे वाक्य यांचं चारदा म्हणून झालं. मानेच्या शिरा तटतटल्या. शेवटी यांनी पट्टा दातांत धरला, एक पाय पुढे रोवला, आणि खर्रकन झेंड्याचं कापडच फाटलं. आख्खं सभागृह उभं राहिलं. त्या टाळ्यांवर चढून मागच्या रांगेतून आवाज आला, “शिवण नाय फाटली! कापड फाटलाय! शिवण माजी हाय!”

यांना अभिनयाचं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, स्वातंत्र्य सहजासहजी मिळत नाही हे या नटाने फार सूक्ष्मपणे दाखवलं. सासूबाईंना विचारलं, असं का केलंत? तर म्हणाल्या, “मना काय ठावं, फाडायला शिवलाय त्यो. फाडायचाच तर कनाला गो शिवायचा?” ते बक्षीस त्यांनी शेवटपर्यंत स्वतःचंच मानलं.

पुढे कंपनी बंद पडली. शेडच्या जागी गोडाऊन आलं. मंडळातले काही गावी गेले, काही वर गेले. उरली ती एक जानेवारी. हैतीत गुलामांना भोपळ्याचं सूप मालकासाठी रांधायचं असायचं, चाखायची बंदी होती. म्हणून आता तिथे दर एक जानेवारीला घरोघरी तेच करतात. हे साहेबांनी सांगितल्यापासून आमच्याकडे त्या दिवशी डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, सार. भीमराव सकाळी भीमा कोरेगावला जातात ते परतले की एक वाटी आमच्याकडे पिऊन मगच घरी.

फोनचं सांगितलं तर हे एवढंच म्हणाले, “नाही.” आणि थोड्या वेळाने, “लोक नाटक बघतील का हात?”

मी विषय सोडला. पण एका दुपारी ब्लाऊज पोचवून आले, तर आतून चर्र चर्र आवाज. उशीचा जुना अभ्रा गुडघ्याखाली दाबून हे डाव्या हाताने फाडत होते. मला बघून अभ्रा चादरीखाली.

“काय चाललंय?”

“चिंध्या. तुला पुसायला लागतात ना.”

त्या आठवड्यात घरात एवढ्या चिंध्या झाल्या की आख्ख्या बुवापाड्याच्या मोऱ्या पुसून निघाल्या असत्या. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “साहेबांना सांग, विचार करतो म्हणावं.” आमच्या घरात याचा अर्थ ‘हो’.

इरा भेटायला आली. हात चादरीखाली गेला. पोरगी गोड, पण सुसाट.

“काका, नो टेन्शन! मी सगळं सॉर्ट केलंय. आपण वेल्क्रो लावू. सिर्फ खींचना है, बस.”

“आणि फाटल्याचा आवाज?”

“तो आपण बॅकग्राउंडला देऊ ना.”

यांनी उशी सरकवून पाठ टेकली. मग विचारलं, “पोरी, त्या देशाचं पुढे काय झालं गं? तुझ्या आजोबांच्या नाटकात शिवण संपली की पडदा पडतो.”

इराने हातातला मोबाईल खाली ठेवला. म्हणाली, “पुढे फ्रान्स लढाऊ जहाजं घेऊन आला, काका. आमचे मळे गेले, आमचे गुलाम गेले, भरपाई द्या म्हणाला. त्या भरपाईचं कर्ज ते लोक शंभरावर वर्षं फेडत होते.”

“म्हणजे मार पण यांनीच खायचा, आणि मालकाच्या मलमाचे पैसे पण यांनीच द्यायचे?”

“हो ना. पण झेंडा त्यांनी सोडला नाही. मध्ये रंग बदलले, आडवा-उभा केला, पण आज परत निळा-लालच आहे.”

ती गेल्यावर हे म्हणाले, “वेल्क्रो नको. तुझा कच्चा टाका पण नको. पक्की शीव. आईसारखी.”

“अहो, आणि नाही फाटलं तर?”

“तर नाही.”

ते ‘तर नाही’ मला नीट कळलं. फाटलं नाही तर हा माणूस घरी येऊन चादरीखाली जाणार, आणि या वेळी नुसता हात नाही, अख्खा. दोन वर्षं मी त्यांना दारापर्यंत आणायला बघत होते. आता बाहेर पडायला तयार झाले, ते थेट कड्याच्या टोकावर उभं राहायला.

झेंडा घेऊन मशीनवर बसले. पक्की शिवावी तर नवरा हरतो, कच्ची शिवावी तर नवऱ्याला फसवते. बराच वेळ पांढरा पट्टा मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा ध्यानात आलं की पट्टा एक असला तरी शिवणी दोन असतात. एक निळ्याकडची, एक लालकडची. लाल बाजू सासूबाईंच्या नावाने दुहेरी मारली. निळी बाजू माझ्या नावाने, कच्च्या टाक्याची. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. संसारात आम्ही दुसरं काय केलं?

एक जानेवारीच्या संध्याकाळी बदलापूरच्या त्या लहानशा हॉलमध्ये भीमराव कोरेगावहून थेट आले. गळ्यात निळा शेला, चपला धुळीने भरलेल्या, हातात एक्क्याण्णवच्या नाटकासाठी शिवमंदिराच्या जत्रेत घेतलेला तोच जुना शंख.

“जयभीम वहिनी. शंख आणलाय. दम कुठून आणू ते सांगा.”

पण वाजवला. पहिला फुसका गेला, दुसरा असा घुमला की मागच्या रांगेतलं तान्हं मूल रडायला लागलं. पडदा सरकला. मी सुई घेऊन बसलेली. हे पाय जरा ओढत आले, पण आले सेनापतीसारखे. उजवा हात अंगाशी.

“हा रंग आमच्यात नको!”

डाव्या हाताने पट्टा ओढला. निळी बाजू सुळकन सुटली. टाळ्या पडल्या. यांनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मीठ विसरले तेव्हाही असं पाहिलं नव्हतं.

मग लाल बाजू. ओढली. हलेना. उजव्या हाताने लाल कापड धरू गेले, ते बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. दातांकडे नेलं आणि मध्येच थांबले, कारण वरचे दात आता काढता-घालता येणारे. कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. हॉल असा गप्प झाला की आता लोक खरंच हात बघत होते.

कॅथरिनने बसून राहायचं असतं. मी उठले. सुई पदराला टोचली, पुढे झाले, आणि लाल कापड दोन्ही मुठींत गच्च धरून पाय रोवून उभी राहिले.

“ओढा,” मी म्हटलं. आख्ख्या नाटकातला माझा हा पहिला संवाद.

यांनी पट्टा डाव्या मनगटाला गुंडाळला आणि मागे झुकले. मी पुढे खेचली गेले, परत मागे रेटलं. मग टचकन एक टाका गेला. मग दुसरा. मग शिवणच फाटत आली, वरपासून खालपर्यंत, कापड शाबूत. सासूबाईंच्या नावाची शिवण होती, पण मशीन माझी. तेवढा फरक पडायचाच.

मी परत जाऊन बसले. निळं आणि लाल जोडून शिवायला घेतलं. टाळ्या चालूच होत्या, आणि यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर येऊन टेकला, उघडा, सगळ्यांसमोर. हे नाटकात नव्हतं.

“काकू, तुम्ही उठलात! स्क्रिप्टमध्ये नव्हतं,” इरा धावत आली.

“मग घालून घे,” साहेब तिच्या मागून म्हणाले. “तेव्हाच लिहायला हवं होतं मी.”

नंतर साहेबांच्या घरी सगळे जमलो. सार मी घरून डब्यात नेलं होतं, ते तिथे गरम केलं. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “निळ्या बाजूला काय घातलं होतंस?”

“टाका.”

“कच्चा.”

“अर्धाच.”

“आई असती तर तुला घरात घेतलं नसतं.”

“लाल बाजू दाखवली असती त्यांना.”

हे हसले. मग इराच्या नाटकातली पोरं भोवती गोळा झाली, ‘काका, दातांनी फाडलेलं ते सांगा ना’, आणि यांनी एक्क्याण्णवचा प्रयोग सुरुवातीपासून सांगायला घेतला. हातवारे दोन्ही हातांनी. उजवा नीट वळत नव्हता, पोरं त्याच्याकडे बघतही होती, आणि यांचं तिकडे लक्षही नव्हतं. भीमराव मधे मधे दुरुस्त्या करत होते, “चारदा नाय, पाचदा म्हणालास वाक्य.”

वाट्या भरून झाल्या. सार निवत चाललं. मला दोनदा हाक मारावी लागली.