माझे आकडे फिके नाहीत!

मी एका हौशी रेडिओचा, म्हणजे दूरच्या माणसाशी गप्पा मारायच्या हॅम रेडिओचा, डिस्प्ले बोलतोय. खरं तर बोलायचं काम स्पीकरचं. मी नुसते आकडे दाखवतो, आणि बोलणी मात्र मलाच बसतात.

माझे मालक दातांचे डॉक्टर. मी नवा आलो तेव्हा माझे हिरवेगार आकडे पाहून ते इतके हरखले, की पेशंटला खुर्चीत 'आ' करून बसवून पुन्हा मला बघायला आले! रोज दवाखाना उघडण्याआधी ते ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपल्या मित्राला हाक मारायचे. मित्र म्हणजे बोटीवरचे निवृत्त कप्तान, दूर गावी एकटेच राहणारे. दोघांची कधी भेट नाही, पण गप्पा अशा रंगायच्या की चहा गार व्हायचा.

पुढे डॉक्टरांना जवळचं दिसेना. पण चष्मा? छे!

"मला स्वच्छ दिसतं. याचेच आकडे फिके पडलेत," ते बायकोला म्हणाले.

झालं, माझे हाल सुरू झाले. आज निळा, उद्या नारिंगी, परवा पांढरा. उजेड पडतो म्हणून डोक्यावर पुठ्ठ्याचं छप्पर. एकदा तर त्यांनी दात बघायचा आरसा माझ्यासमोर धरला. त्यात आकडे उलटे दिसले, तोही दोष माझाच!

अखेर घोटाळा झालाच. शेवटचा आकडा तीन हवा, तिथे डॉक्टर आठ लावून हाका मारू लागले. मी आठ म्हणून जीव तोडून चमकत होतो, पण बघतो कोण? उत्तर येईना. "कप्तान माझ्यावर रुसले," म्हणत ते रोज तोंड पाडून दवाखान्यात जायचे. पेशंटच त्यांना विचारायचे, फार दुखतंय का म्हणून.

हे ऐकून त्यांचे मेहुणे नवा रेडिओ घेऊन आले.

"दाजी, रंगीत पडदा बघा! हा जुना टाका माळ्यावर."

माळा! तिथे माझे आकडे वाचणार कोण, उंदीर? नव्याचे रंग काय, ऐट काय! मी मनातून हरलोच होतो. डॉक्टरांनी त्यावरही दिमाखात आठच लावला आणि हाक मारली. सगळं शांत.

"हाही फिकाच!" डॉक्टर चिडले.

बाईसाहेब कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या उठल्या, स्वतःचा गुलाबी, चमचमता चष्मा काढला आणि नवऱ्याच्या नाकावर चढवला.

"आता आपल्या जुन्याकडे बघा."

डॉक्टर माझ्यावर वाकले. "अगं, हा तर आठ आहे!"

त्यांनी बटण फिरवलं. तीन लागला, आणि हाक मारण्याआधीच कप्तानांचा आवाज आला, "डॉक्टर, आहात का? आजही नाहीत वाटतं."

"आहे, आहे!" डॉक्टरांनी गुलाबी चष्मा वर करून डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण मला रडता येत नाही, शॉर्ट सर्किट होतं.

नवा रेडिओ मेहुण्यांबरोबर परत गेला. मी टेबलावरच आहे, पुन्हा हिरवा. तेव्हा वाचकहो, आमच्यावर डाफरण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. डॉक्टरांनी अजून तपासले नाहीत. ते रोज सकाळी बाईसाहेबांचा गुलाबी चष्मा लावून कप्तानांना ऐटीत सांगतात, "माझी नजर अजून तरुण आहे!"

रेडिओवर चेहरा दिसत नाही, हे किती बरं आहे!